अकरा दिवस

खिडकी क्रमांक सात माझी.
तालिनच्या कर-कचेरीत मार्च महिन्यात
बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर नकाशे होतात
आणि त्या नकाशांत उभे राहून लोक विचारतात,
"मी नेमका कुठला?"

मी विचारते, किती दिवस इकडे, किती तिकडे,
रात्री कुठल्या उशीवर?
एकशे त्र्याऐंशी भरले की तुम्ही आमचे.
एकशे ब्याऐंशीला मीही जरा अडखळते.

हेल्वी तामिक आल्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.
आत नवऱ्याची फेरीबोटीची तिकिटं,
महिन्यावारी रबरबँड लावलेली.
उनो तामिक, वेल्डर.
आठ वर्षं पगार हेलसिंकीचा, एक आड एक शुक्रवारी घर.
बारा डिसेंबरला गेला, बंदराच्या ट्रामथांब्यावर,
हत्यारांची पिशवी खांद्यालाच.
हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं
की मी चुकून फॉर्मवर लिहायला लागले.

गेलेल्या माणसाचंही विवरणपत्र भरावं लागतं.
त्याला हयात-मयत कळत नाही,
त्याला फक्त वर्ष कळतं.

शेवटचे बारा महिने मोजायला बसलो.
त्या तिकीट सरकवत, मी रेघ ओढत.
फिनलंड, एकशे शहात्तर.
एस्टोनिया, एकशे अठ्ठ्याहत्तर.
पुन्हा मोजलं. तेवढंच.
अकरा दिवस कुठेच नव्हते.

हेल्वीबाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं,
मग काढलं.
आठ वर्षांच्या बायकोला जी शंका येते
ती मला खिडकीच्या काचेतून दिसली.
मी नजर कागदावर ठेवली.

डब्याच्या तळाशी कागद होते, चिकटून बसलेले.
ऑक्टोबरची शेवटची पगारपावती: काम संपले.
नोव्हेंबरअखेर भाड्याची खोली सोडल्याची सही.
आणि मग एक ते अकरा डिसेंबर,
एकाच जहाजाची तिकिटं,
गाड्यांच्या डेकखालची, बिनखिडकीची केबिन,
जायचं, यायचं, पुन्हा जायचं.
रात्री हेलसिंकीच्या धक्क्याला जहाज बांधलेलं,
हा खाली उतरलाच नाही.
सकाळी तालिनला लागलं, तरी नाही.
रोज एक कॉफी, एक कांदा-हेरिंगचा पाव,
पावती जपून ठेवलेली, हिशेबी माणूस.

"पण पैसे येत होते," त्या म्हणाल्या.
"पंधरवड्याला. नेहमीसारखे."

आले होते. हेलसिंकीच्याच बँकेतून, दोन हप्ते.
आमच्या भाषेत परदेशी उत्पन्न.
त्यांनीच एक निळी चिठ्ठी उलगडली:
भावाच्या शेडमध्ये आहे म्हणून सांगितलेली
मोटारबोट, इंजिनासकट विकली, रोख.
तेच पैसे समुद्रापलीकडे नेऊन
त्याने पगाराच्या चालीने घरी पाठवले होते.

अशा उत्पन्नाला रकाना नाही.
मी बावीस वर्षं या खुर्चीत आहे, म्हणून सांगते.

दुसरा रकाना मात्र भरावा लागणार होता.
अकरा दिवस तिकडे टाकले तर एकशे सत्त्याऐंशी,
इकडे टाकले तर एकशे एकोणनव्वद.
दोन्ही देश हात पुढे करून उभे
आणि मधल्या पाण्याचं कार्यालय कुठे आहे,
मला ठाऊक नव्हतं.
नियमाने काय होतं ते मी सांगितलं.
कुठे कर कमी बसेल तेही, आवाज जरा खाली आणून.

त्यांनी ऐकून घेतलं.
मग पावाच्या अकरा पावत्या एकेक करून सरळ केल्या,
अंगठ्याने, इस्त्री केल्यासारख्या.
"रोज हेरिंग," म्हणाल्या. "घरी शिवायचा नाही."

"कुठे लिहू?"

"इकडे लिहा.
जास्तीचं काय असेल ते मी भरीन.
उतरायची हिंमत नाही झाली त्याची.
पण निघाला घरी यायलाच होता ना, दर वेळी?"

मी लिहिलं. शिक्का मारला.
तिकिटं फाइलला लावायची असतात, ती लावली.
एक परत केलं, बारा डिसेंबरचं,
न वापरलेलं, कोरं.
त्याची आम्हाला गरज नव्हती.

त्यांनी ते डब्यात ठेवलं, झाकण दाबलं.
झाकण बसेना.
पुढचा टोकन नंबर लागला होता, लाल,
आणि तरी मी खिडकीखालून हात घालून
डब्याची दुसरी बाजू धरली.